न्यूरेंबर्ग की कोलोन : शहर निवडताना शाळेचा कायदाही निवडला जातो

नितीनराव, सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. अंबडच्या कारखान्यातून कंपनी तुम्हाला जर्मनीत पाठवत आहे, न्यूरेंबर्ग आणि कोलोन यांपैकी एक ठिकाण निवडण्याची मुभा आहे, थोरलीची तिसरीची वार्षिक परीक्षा नुकतीच झाली आहे आणि धाकटा येत्या ऑगस्टमध्ये सहा वर्षांचा होईल, असे तुम्ही लिहिले आहे. थोरलीने चौथी इंदिरानगरच्या शाळेतच पूर्ण करावी, पुढच्या वर्षी वहिनींनी दोघांना घेऊन यावे आणि इकडे आल्यावरही सुरुवातीचे काही महिने तिचा सीबीएसईचा अभ्यास घरूनच ऑनलाइन चालू ठेवावा, असा तुमचा बेत आहे. घरभाडे, कर आणि प्रवास यांची तुलना तुम्ही फार काळजीपूर्वक केली आहे, पण शाळेविषयी "दोन्हीकडे जर्मन शाळाच, तेव्हा फरक काय पडणार" एवढेच लिहिले आहे. मला तेवढ्यावर थांबणे योग्य वाटत नाही, कारण तुमच्या दोन्ही मुलांच्या वयात हा फरक खूप मोठा आहे.

आपल्याकडे शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला, त्यामुळे केंद्राचा कायदा देशभर लागू होतो आणि राज्ये त्याखाली नियम करतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा असाच आला. जर्मनीत अशी सोय जाणीवपूर्वक ठेवलेली नाही. नाझी राजवटीने १९३४ मध्ये शिक्षणाचे केंद्रीय मंत्रालय स्थापून शाळा बर्लिनच्या ताब्यात घेतल्या होत्या. युद्धानंतर २३ मे १९४९ रोजी जी राज्यघटना लागू झाली, तिने शाळा पुन्हा राज्यांच्या हाती सोपवल्या. देशभरासाठी एकच शालेय कायदा येथे नाही. १६ राज्यांचे १६ कायदे आहेत आणि त्यांच्यात निदान प्रमाणपत्रांना परस्पर मान्यता असावी म्हणून राज्यांचे शिक्षणमंत्री १९४८ पासून एका स्थायी परिषदेत एकत्र बसतात. न्यूरेंबर्ग बव्हेरियात येते, तर कोलोन नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात. म्हणून तुम्ही शहर निवडाल तेव्हा कायदाही निवडलेला असेल.

केंद्रीय घटनेतले सातवे कलम तेवढे सर्वांना समान आहे. संपूर्ण शालेय व्यवस्था शासनाच्या देखरेखीखाली राहील, हे त्याचे पहिले वाक्य. मुलांचे संगोपन हा आईवडिलांचा नैसर्गिक हक्क आणि कर्तव्य आहे असे सहावे कलम सांगते आणि ही दोन कलमे एकमेकांच्या तोलाची आहेत असे येथील न्यायालये मानतात. मूळ घटनेत शिक्षणाचा हक्क आपल्या २१-अ कलमासारखा स्पष्ट शब्दांत लिहिलेला नव्हता. कोविडकाळातील शाळाबंदीच्या प्रकरणात संघीय घटना न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२१ रोजी तो हक्क घटनेतूनच निघतो असा निर्णय दिला. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण येथील प्रत्येक मुलाला, मग त्याचे आईवडील कोणत्याही देशाचे असोत, शाळेकडे काही मागण्याचा आधार त्याने मिळाला.

या हक्काला सक्तीची बाजू आहे आणि तुमचा ऑनलाइनचा बेत तिथेच अडतो. आपल्या कायद्यात मुलाला शाळेत पाठवणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण ते न पाळल्यास शिक्षा सांगितलेली नाही. येथे शाळेत प्रत्यक्ष हजर राहणे बंधनकारक आहे. बव्हेरियात ही सक्ती १८०२ पासून आहे आणि १९१९ च्या वायमार राज्यघटनेने ती किमान आठ वर्षांची म्हणून देशभर लागू केली. घरी शिकवणे तिच्याऐवजी चालत नाही. घरीच शिकवू इच्छिणाऱ्या काही जर्मन कुटुंबांनी प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेले, पण २००६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये त्या न्यायालयाने जर्मनीची भूमिका मान्य केली. तेव्हा पालिकेत पत्ता नोंदवून येथे राहू लागलात की थोरलीला शाळेत घालावेच लागेल. टाळाटाळ केल्यास दंड होतो आणि प्रशासन मुलाला शाळेत आणून पोहोचवूही शकते. सीबीएसईचा अभ्यास संध्याकाळी करायला कोणाची हरकत नाही, पण नवी भाषा शिकणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीवर ते ओझे टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळात तिचे मराठी वाचन चालू ठेवा.

आता तुमच्या पत्रातील सर्वांत अवघड मुद्दा. १९२० च्या कायद्याने सर्व मुलांसाठी चार वर्षांची सामाईक प्राथमिक शाळा केली आणि बर्लिन व ब्रांडेनबुर्ग सोडल्यास ती आजही चौथीला संपते. त्यानंतर वाटा फुटतात. विद्यापीठाकडे थेट नेणारी गिम्नाझियम, मधली रेआलशूले आणि व्यवसाय-प्रशिक्षणाकडे झुकलेली मिटेलशूले, हे बव्हेरियातले तीन मुख्य प्रकार. बव्हेरियात मेच्या सुरुवातीला चौथीतील प्रत्येक मुलाच्या हाती एक प्रमाणपत्र येते. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी असते. येथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ६ ही सर्वांत खालची. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूले. तेवढी नसेल तर तीन दिवसांच्या चाचणी-वर्गाला बसता येते. केवळ पालकांची इच्छा आहे म्हणून येथे प्रवेश मिळत नाही. आमच्या घरी ते प्रमाणपत्र आले तेव्हा मी ते ओट्याजवळ उभी राहून वाचले होते. एकच पान, तीन आकडे, त्यांची सरासरी आणि खाली योग्यतेचे एक वाक्य. दहा वर्षांच्या मुलांविषयी इतके ठाम लिहावे हे मला आजही पटत नाही.

तुमची थोरली चौथी नाशिकला करून आली, तर ती या व्यवस्थेत नेमकी दोन टप्प्यांच्या मधल्या फटीत येईल. प्राथमिक शाळा तिच्या वयाच्या मुलांसाठी संपलेली असेल आणि जर्मन येत नसल्यामुळे बव्हेरियात तिला बहुधा मिटेलशूलेच्या जर्मन-भाषावर्गात बसवतील. म्हणून माझा आग्रह असा, की बव्हेरियात यायचे असेल तर याच उन्हाळ्यात या. येथील वर्ष जुलैअखेर संपते. जूनमध्ये पोहोचलात तर तिला काही आठवडे तिसरीच्या वर्गात बसता येईल, आणि सप्टेंबरपासून चौथीऐवजी पुन्हा तिसरीतच बसवावे अशी विनंती मुख्याध्यापकांना करता येईल. एक वर्ष गेले असे नाशिकला नातेवाईक म्हणतील, पण भाषेसाठी तिला दोन वर्षे मिळतील. शिवाय पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या, दुसरी मातृभाषा असलेल्या मुलांच्या बाबतीत, भाषेच्या अडचणीमुळे श्रेणी घसरल्या असतील आणि ती अडचण दूर होण्याजोगी असेल, तर ३.३३ पर्यंतच्या सरासरीवरही योग्यता मान्य करता येते. ही तरतूद शाळा स्वतःहून सांगेलच असे नाही, म्हणून वर्गशिक्षिकेशी पहिल्या भेटीतच तिच्याविषयी बोला. मिटेलशूले किंवा रेआलशूलेतूनही पुढे उच्च माध्यमिकमार्गे पदवीपर्यंत जाता येते, दारे बंद होत नाहीत, पण तो रस्ता लांबचा आहे.

कोलोनला हेच चित्र वेगळे दिसते. तिथे माझी धाकटी बहीण राहते, त्यामुळे तो कायदाही घरात चर्चेला असतो. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात चौथीनंतर शाळा शिफारस करते, पण अंतिम निवड पालकांची असते. सर्व प्रकारची मुले एकत्र शिकणाऱ्या गेसाम्टशूले तिथे भरपूर आहेत आणि दहा वर्षांच्या मुलीचे भवितव्य लगेच ठरवण्याची सक्ती होत नाही. गिम्नाझियममध्ये गेलेल्या मुलाला सहावीअखेर दुसऱ्या शाळेत जाण्यास सांगितले जाऊ शकते, हे मात्र लक्षात ठेवा.

धाकट्याच्या बाबतीत पारडे उलटे फिरते. दोन्ही राज्यांत ३० सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारे मूल शाळेत जाते. परंतु बव्हेरियात जुलै ते सप्टेंबर या काळात जन्मलेल्या मुलांचे पालक प्रवेश एक वर्ष पुढे ढकलू शकतात आणि तेवढा काळ मूल बालवाडीत जर्मन शिकते. कोलोनला अशी सवलत केवळ गंभीर वैद्यकीय कारणासाठी मिळते. बव्हेरियातील निर्णयाची मुदत एप्रिलमध्ये संपते, त्यामुळे उशिरा येणाऱ्या कुटुंबाने परिसरातील शाळेला आधीच पत्र लिहावे. दोघांचा एकत्र विचार करता मी तुमच्या जागी असते तर कोलोन निवडले असते, कारण सहा वर्षांचे मूल वर्गात भाषा झपाट्याने उचलते आणि दहाव्या वर्षी लागलेला शिक्का पुसणे कठीण असते. मी स्वतः न्यूरेंबर्गला राहून हे लिहिते आहे, यावरून माझे मत किती ठाम आहे ते समजा.

शाळा निवडण्याविषयी तुम्ही विचारले आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोडवर आपण शाळा पाहत फिरतो, देणगीची चौकशी करतो, तसे येथे नसते. सरकारी शाळेत शुल्क नाही. बव्हेरियात प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून घर भाड्याने घेण्यापूर्वी त्या पत्त्याची शाळा पाहून या. कोलोनला निवड करता येते, पण जवळच्या शाळेवरच तुमचा हक्क असतो. तिथे पालिकेच्याच काही प्राथमिक शाळा कॅथलिक पंथाच्या आहेत आणि त्या पंथाच्या मुलांना त्या प्राधान्य देतात. खासगी शाळेचा हक्क सातव्या कलमात आहे, मात्र पालकांच्या सांपत्तिक स्थितीवरून मुलांची विभागणी होऊ नये अशी अट मान्यताप्राप्त पर्यायी शाळांना घातलेली आहे. इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळा महाग आहेत आणि दोन वर्षांत परतणार असाल तरच त्यांचा विचार करा.

धर्माचा तास सरकारी शाळेतही नियमित विषय आहे, पण मुलाने त्यास बसावे की नाही हे पालकच ठरवतात. बव्हेरियात त्याऐवजी नीतिशास्त्राचा तास असतो. आमची मुले तिथेच बसतात आणि त्याबद्दल कोणी कधी वावगे बोललेले नाही.

दिवाळीला आठवडाभर घरी येता येणार नाही, हे वहिनींना आताच सांगा. स्वस्त विमान मिळते म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलांना काढणेही नियमभंग ठरतो. बव्हेरियात २०१८ मध्ये पोलिसांनी विमानतळावर अशा कुटुंबांची विचारणा केल्याची बातमी बरीच गाजली होती. उलट बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी ऑगस्टच्या आरंभापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे बहुतेक वर्षी गणपतीला नाशिकला येता येते आणि २०२७ च्या सिंहस्थातील ऑगस्टच्या पर्वण्याही साधतील. कोलोनची सुट्टी दरवर्षी पुढेमागे सरकते.

निघण्यापूर्वी मुलांचे लसीकरण कार्ड शोधून ठेवा. १ मार्च २०२० पासून शाळेत गोवरच्या दोन मात्रांचा पुरावा द्यावा लागतो आणि तो नसल्यास पालकांना २,५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. कार्डावर महापालिकेच्या दवाखान्याचा शिक्का पुसट झाला असेल, तर डॉक्टरांकडून तारखांसह इंग्रजीत दाखला लिहून घ्या. जन्मदाखले, दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि शाळा सोडल्याचा दाखला यांची जर्मन भाषांतरे येथे येऊन अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेता येतील, मूळ प्रती मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा. कंपनीला शहर कळवण्याची अंतिम तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती कळवलीत, तर दोन्ही ठिकाणच्या भाषावर्गांची चौकशी मी आणि माझी बहीण त्याआधी करून ठेवू.