ठेवीवरचे क्रेडिट कार्ड आणि ‘सेटल्ड’चा शेरा

प्रश्न : वडोदऱ्याला रावपुऱ्यात माझा लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. २०२० साली मुहूर्तामागून मुहूर्त रद्द होत गेले आणि माझ्या क्रेडिट कार्डाची थकबाकी ८४,००० रुपयांवर गेली. पुढच्या वर्षी बँकेने ४०,००० रुपयांत तडजोड केली आणि ‘नो ड्यूज’चे पत्रही दिले, त्यामुळे विषय मिटला असे मी धरून चाललो होतो. आता मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पुढच्या वर्षी कर्ज काढायचे आहे, तर माझा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारा आकडा) ६१२ असून अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा असल्याचे समजले. एका ओळखीच्यांनी ३०,००० रुपयांची एफडी करून तिच्यावर कार्ड घ्यायला सुचवले आहे. दुसरा एक एजंट १२,००० रुपयांत स्कोअर ‘साफ’ करून देतो म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : एजंटाचे आधी निकालात काढतो. अहवालात जी नोंद खरी आहे ती पैसे घेऊन पुसण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि जी नोंद चुकीची आहे ती दुरुस्त करून घ्यायला एक पैसाही लागत नाही. ते १२,००० रुपये जवळच ठेवावेत. त्यांचा चांगला उपयोग पुढे सांगतो.

आपली गफलत ‘नो ड्यूज’च्या पत्रावरून झालेली दिसते, आणि ती पुष्कळांची होते. त्या पत्राचा अर्थ एवढाच की बँक आपल्याकडे आता पैसे मागणार नाही. परंतु ८४,००० पैकी ४४,००० रुपये बँकेने सोडून दिले, ही गोष्ट ती क्रेडिट माहिती कंपन्यांना, म्हणजे सर्वांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना, कळवते, आणि ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) याच्या जागी ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले) हा शब्द येतो तो त्यामुळेच. उद्या कर्ज देणारा अधिकारी आकड्याइतकाच, कित्येकदा आकड्याहून अधिक, हा शब्द पाहतो. म्हणून नवे कार्ड घेण्यापूर्वी त्या जुन्या बँकेला लेखी विचारावे की सोडलेली रक्कम भरल्यास खात्याची नोंद ‘क्लोज्ड’ करून मिळेल काय आणि त्यासाठी नेमके किती भरावे लागेल. लेखी उत्तर हाती आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये, आणि भरायचा तो बँकेने त्या पत्रात दिलेल्या खात्यातच. वसुलीवाल्याच्या मोबाइल क्रमांकावर कदापि नाही. बँक हप्त्यांना तयार झाली तर ते १२,००० येथे लावावेत. मात्र यासाठी नवे कर्ज काढणार असाल तर शेरा आहे तसा राहिलेला बरा. शेरा बदलला तरी त्या काळातल्या उशिरांच्या नोंदी काही वर्षे दिसत राहतील, हेही मनाशी धरून ठेवावे.

दरम्यान स्वतःचा अहवाल मागवून वाचावा. सिबिल हे नाव आपल्या तोंडी बसले असले तरी एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क धरून अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. स्वतः अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. तडजोडीची रक्कम चुकीची पडली असेल किंवा कोणा दुसऱ्याचेच कर्ज आपल्या नावावर चढले असेल, तर तक्रार नोंदवावी. तिचा निकाल तीस दिवसांत लागला पाहिजे, आणि न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे.

आता ठेवीवरच्या कार्डाकडे येतो. दांडिया बाजारातल्या आपल्या जुन्या घरांत ठेवीची पावती कुंकू लावून देवापुढे ठेवत असत. तीच पावती येथे बँकेकडे तारण राहते. बँक ठेवीवर लीन लावते, म्हणजे कार्ड चालू आहे तोवर ठेव मोडता येत नाही, व्याज मात्र मिळत राहते. बँकेचे पैसे सुरक्षित असल्याने कमी स्कोअर असलेल्यालाही असे कार्ड मिळण्याची शक्यता बरीच असते. आपल्या ओळखीच्यांची ही सूचना मला मान्य आहे. फक्त जिथे आपले बचत खाते आहे त्या एकाच बँकेत अर्ज करावा. चार ठिकाणी अर्ज टाकले की अहवालात चार एन्क्वायरी, म्हणजे बँकांनी केलेल्या चौकशा, नोंदल्या जातात, आणि अडचणीतला माणूस दारोदार फिरतो आहे असे त्यातून दिसते.

समजा, ३०,००० च्या ठेवीवर २४,००० ची मर्यादा मिळाली. ती मर्यादा वापरण्यासाठी आहे असे समजूच नये. महिन्याचे पेट्रोल आणि मोबाइलचे बिल मिळून तीन-चार हजार खर्च करावेत. बिल निघताना दिसणारी बाकी मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या, म्हणजे ७,२०० च्या, बरीच आत असावी. व्यवसायासाठी लेन्स किंवा अल्बमचा कागद या कार्डावर घेऊ नये, कारण लग्नाच्या हंगामात गिऱ्हाइकाकडून पैसे कधी येतील याचा भरवसा आपल्यालाच नसतो. बचत खात्यातून बिल आपोआप भरले जाईल असे ऑटो-डेबिट लावावे आणि तेही ‘टोटल ड्यू’चे, म्हणजे संपूर्ण बिलाचे. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरल्यास थकबाकीदार ठरत नाही हे खरे, पण समजा १०,००० रुपये उरले, तर त्यांवर दरमहा साडेतीन टक्के दराने ३५० रुपये व्याज आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ६३ रुपये, असे ४१३ रुपये एका महिन्यात जातात. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते. एटीएममधून या कार्डाने रोकड काढली तर व्याज त्याच दिवसापासून लागते.

एक गोष्ट ठेववाले हमखास विसरतात. बिल थकले तर बँक ठेवीतून पैसे वळते करून घेईल, म्हणून काळजी नाही, असे त्यांना वाटते. बँकेची वसुली होते हे खरे, पण अहवालात उशीर मांडला जायचा तो जातोच, आणि ज्यासाठी कार्ड घेतले तेच हातचे जाते.

फरक केव्हा दिसेल? २०२५ पासून बँका ही माहिती निदान दर पंधरवड्याला कळवतात, त्यामुळे चांगल्या नोंदी पूर्वीपेक्षा लवकर उमटतात. तरीही सहा महिन्यांच्या आत स्कोअर तपासून हिरमुसू नये. वर्षभरात सुधारणा दिसेल, पण ६१२ चे ७५० होतील असे आश्वासन मी देणार नाही. म्हणूनच मुलीच्या कर्जाची सगळी भिस्त या कार्डावर ठेवू नये. शैक्षणिक कर्जात सहकर्जदार वडीलच असावेत असे नाही; आपल्या पत्नींचे उत्पन्न आणि नोंदी चांगल्या असतील तर त्यांचे नाव पुढे करावे आणि बँकेशी तशी बोलणी आतापासून सुरू करावीत.

कर्जाचे काम होईपर्यंत हे कार्ड बंद करू नये. पुढे कधी बंद करायचे झाल्यास सगळी बाकी भरून लेखी अर्ज द्यावा. सात कामकाजी दिवसांत बँकेने ते बंद केले पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तिला आपल्याला द्यावा लागतो. ठेवीवरचे लीन उठल्याची नोंद मात्र स्वतः जाऊन पाहून घ्यावी.