बॅकिंग ट्रॅक घरचा, पण लय कुणाची?

गिटारच्या सरावासाठी घरीच बॅकिंग ट्रॅक (ज्यावर सोलो वाजवायचा ती मागची साथ) रेकॉर्ड करणाऱ्यांचे प्रश्न वाढलेत आणि घोटाळा बहुतेकांचा एकच आहे : ट्रॅकची लय पळते. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : मोबाइलवर रेकॉर्ड केलेला ट्रॅक चालेल का?

उत्तर : चालेल.

प्रश्न : क्लिक (मेट्रोनोमचा ठरावीक अंतराने पडणारा ठोका) लावलं की वाजवणं यंत्रासारखं होतं असं ऐकलंय, म्हणून मी नुसत्या अंदाजाने कॉर्ड वाजवून रेकॉर्ड करतो. पण त्यावर सोलो वाजवताना शेवटी बोटं मागे पडतात. कोणता व्यायाम करू?

उत्तर : व्यायाम राहू द्या. आधी तोच ट्रॅक मेट्रोनोमसोबत ऐका. बहुधा बोटं मागे पडत नाहीत, ट्रॅकच पुढे पळतोय. सोपी कॉर्ड आली की हात सुटतो, अवघड बदल आला की अडखळतो आणि वाजवणाऱ्याला स्वतःला यातलं काहीच जाणवत नाही. हिशेब करून बघा. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत बारा बारांच्या (एक बार म्हणजे चार ठोके) ब्लूजचं एक आवर्तन म्हणजे ४८ ठोके, बरोबर ३६ सेकंद. तुमचं दहावं आवर्तन ३३ सेकंदांत संपत असेल, तर तुम्ही ८७ वर पोचलात. अशा ट्रॅकवर महिनोन्महिने घासलंत की तो पळ हातात मुरतो, आणि मग चौघांत वाजवायची वेळ आली की शिव्या ड्रमरला! क्लिक हेडफोनमध्ये ठेवा, दोन बार मोजून घ्या, मगच पहिली कॉर्ड. ऐकणाऱ्याला क्लिक ऐकूही येत नाही, मग यंत्र कुठून आलं? तरी एकदा ट्रॅक तुमच्या शिक्षकांना ऐकवा. कुठे पळता ते त्यांना लगेच कळेल.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर ट्रॅक ऐकत दुसरी गिटार भरली, ती उशिरा पडते. ‘झिरो लेटन्सी’चा, म्हणजे आवाजाला उशीर न लावणारा, महागडा इंटरफेस (गिटारचा आवाज कंप्युटरमध्ये नेणारं खोकं) घेऊ का?

उत्तर : आधी तारेचा हेडफोन लावा. ब्लूटूथमध्ये १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात आणि ८० च्या लयीत ठोक्याचा चौथा हिस्सा साधारण १८७ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे उशीर जवळपास तेवढा होऊ शकतो. खोक्यावरचं ‘झिरो’ बहुतेक वेळा फक्त तुमचा आवाज थेट हेडफोनला देण्यापुरतं असतं. घ्यायचाच असेल तर तो वापरणाऱ्या कुणाकडे बसून बघा, जाहिरात बघून नको. आणि ‘इंटरफेस आला की सुरू करतो’ हे तर अजिबात नको.

प्रश्न : नेहमीच्या ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला ट्यून केल्याने सराव चांगला होतो म्हणे?

उत्तर : नाही. ट्यूनर ४४० वर ठेवा आणि दर वेळी रेकॉर्ड करण्याआधी तारा सुरात लावा.

प्रश्न : ट्रॅकमध्ये माझी गिटार दबते, म्हणून हेडफोनचा आवाज वाढवतो. दोन महिन्यांपासून नंतर कानात शिट्टी वाजते.

उत्तर : ट्रॅकचाच आवाज कमी करा, किंवा त्यातली गिटार एका बाजूच्या कानात ढकला म्हणजे तुमच्या गिटारीला मधे जागा होईल. पण हे नंतर. दोन महिने थांबलात कशाला? याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तोवर हेडफोन बंद.