हलणारी दुर्बीण, हलणारा ट्रायपॉड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी दुर्बीण ७० मिमी व्यासाची, ७०० मिमी नाभीय अंतराची आहे. ती सोबत मिळालेल्या ॲल्युमिनियमच्या ट्रायपॉडवर बसवली आहे. १४० पट मोठं करून पाहताना फोकसच्या चाकाला हात लागला, की गुरू चार-पाच सेकंद नाचत राहतो. ट्रायपॉडला खाली वजन टांगावं असं सगळे सांगतात. किती किलो टांगू?

उत्तर : वजनाचं नंतर पाहू. आधी दोष कुठल्या सांध्यात आहे ते शोधा, कारण ढिला सांधा वजनाने घट्ट होत नाही.

सुरुवातीला हिशोब बघा. नळी फक्त १० विकला (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला) हलली, तरी १४० पटींना ते हलणं १,४०० विकला, म्हणजे सुमारे २३ कला एवढं दिसतं. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्णचंद्राच्या व्यासाच्या हे पाऊण पट झालं. आणि १० विकला हलायला ७० सेंमी लांबीच्या नळीचं एक टोक जेमतेम ०.०३ मिमी सरकावं लागतं. ही केसाच्या जाडीहूनही कमी फट झाली. म्हणून हाताला ‘पक्का’ वाटणारा ट्रायपॉड डोळ्याला पक्का नसतो.

आता चाचणी. दिवसा दूरचा एखादा खांब किंवा मनोरा १०० पटींच्या आसपास मोठा करून पाहा (सूर्याच्या जवळपासही नळी फिरवू नका). नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. एक-दोन सेकंद लागले तर उत्तम. तीन सेकंद चालवून घेता येतात. पाच सेकंद लागत असतील, तर पाना हातात घ्यायची वेळ आली.

मग दुर्बीण उतरवून ठेवा. माउंटचं, म्हणजे ट्रायपॉडवर दुर्बीण धरून फिरवणाऱ्या भागाचं, डोकं दोन्ही हातांनी धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे पिळा. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी एकेका सांध्यावर बोटाचं पेर ठेवायला सांगा, अर्धं पेर एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. डोळ्यांना न दिसणारी घसर बोटाला लगेच कळते. आमच्या मते गुन्हेगार बहुधा या क्रमाने सापडतात : पायाचा वरचा बिजागरीचा बोल्ट, सरकत्या पायाचा स्क्रू, मधल्या पट्ट्या, आणि माउंट ट्रायपॉडला धरून ठेवणारा मधला बोल्ट.

बिजागरीच्या बोल्टला साध्या नटाऐवजी नायलॉनचं कडं असलेला लॉक नट लावा आणि दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घाला. पाय आडवा उचलून सोडला, तर तो स्वतःच्या वजनाने खाली पडू नये, इतपतच आवळा. त्याहून जोर लावलात तर वरच्या प्लॅस्टिकच्या डोक्याला तडा जातो आणि मग काहीच उपाय उरत नाही. पाय आणि डोक्याचे कान यांच्यात बाजूला फट असेल, तर आवळण्याआधी ती पातळ वॉशरने भरून काढा. नाहीतर बोल्ट प्लॅस्टिकचे कान वाकवून फट बुजवतो आणि महिन्याभरात पुन्हा ढिला होतो.

सरकत्या पायात आतली नळी बाहेरच्या नळीत खुळखुळते. आतल्या नळीच्या वरच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचे एक-दोन वेढे द्या. नळी जराशी अडखळत सरकली पाहिजे. स्क्रूचं टोक पातळ नळीत खड्डा पाडतं आणि पुढच्या वेळी त्याच खड्ड्यात घसरतं. मध्ये ॲल्युमिनियमचा छोटा चपटा तुकडा ठेवला की हे थांबतं.

यानंतर पायांची लांबी. सारखाच जोर दिला तर पायाचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. १२० सेंमी ताणलेला पाय ८० सेंमीवर आणला, तर वाकणं तीस टक्क्यांच्या आसपास येतं, शिवाय खालची बारीक नळी वापरातून जाते. उभं राहून बघण्याचा मोह सोडा आणि स्टुलावर बसा. एवढा फायदा फुकटात देणारा दुसरा उपाय नाही.

आता वजन. चार-पाच किलो पुरे. त्याने पाय जमिनीला घट्ट टेकतात, सांधे थोडे दाबले जातात आणि वाऱ्यात ट्रायपॉड कलंडत नाही. पाय मात्र जेवढा लवचीक होता तेवढाच राहतो. आणि पिशवी मोकळी लोंबकळत ठेवली, तर तुम्ही ट्रायपॉडला लंबक बांधलात. ६० सेंमी दोरीचा लंबक दीड सेकंदाला एक झोका घेतो. पिशवीचा तळ जमिनीला जेमतेम टेकू द्या किंवा पट्ट्याने ती मधल्या ट्रेला आवळून बांधा.

प्रश्न : पायांमधल्या तीन दुमडत्या पट्ट्या आणि प्लॅस्टिकचा ट्रे अगदी लेचापेचा आहे. तो काढून टाकू का?

उत्तर : काढू नका. त्याच्या मदतीला लाकूड द्या. १८ मिमी प्लायवुडचा एक त्रिकोण कापा. पट्ट्यांच्या थोडं वर, तिन्ही पायांच्या आतल्या बाजूला तो अडकेल एवढा असावा. तिन्ही कोपऱ्यांना पायाच्या आकाराची खाच घ्या आणि खाचेत पातळ रबर चिकटवा. मध्ये भोक पाडा. माउंट धरून ठेवणारा मधला बोल्ट काढून त्याच्या जागी त्याच आट्यांचा लांब थ्रेडेड रॉड लावा. दुकानात जाताना जुना बोल्ट सोबत न्या, कारण ८ आणि १० मिमी दोन्ही माप सर्रास आढळतात आणि आटे अंदाजाने जुळत नाहीत. त्रिकोणाच्या खालून मोठा वॉशर आणि विंग नट (हाताने फिरवायचा पंखांचा नट).

विंग नट फिरवला की त्रिकोण वर चढतो. वर पाय जवळ येत असल्यामुळे तो त्यांना बाहेर रेटतो आणि जुन्या पट्ट्या ताणल्या जातात. आत-बाहेरच्या या ओढाताणीत बिजागरीची उरलीसुरली मोकळीक संपते. ट्रायपॉड जागेवर उभा करून मगच आवळा. बोटाने दाबल्यावर पट्टी लवेनाशी झाली की थांबा. रॉड फार लांब असेल तर दुमडताना त्रास देतो, पण तो गैरसोयीचा भाग आहे, दोषाचा नाही.

प्रश्न : पोकळ पायांत वाळू भरावी की फुगणारा फोम?

उत्तर : वाळू. कणांच्या घर्षणात कंपनांची ऊर्जा जिरते. फोम पायाला कडकपणा जवळजवळ देत नाही. नळीचा टणटणाट तेवढा कमी करतो आणि एकदा भरला की निघत नाही. वाळू धुतलेली, चाळलेली आणि पूर्ण कोरडी हवी, ओलसर वाळू आतून गंज आणि पांढरी भुकटी आणते. आतून ३० मिमी व्यासाच्या ७० सेंमी नळीत सुमारे ५०० घन सेंमी, म्हणजे पाऊण किलोच्या वर वाळू मावते. तिन्ही पाय मिळून जवळपास अडीच किलो. दोन्ही टोकं रबरी बुचाने बंद करा. सरकणाऱ्या पायात मात्र वाळू भरू नका, सांध्यात कण गेले की पाय अडकून बसतो. तो पाय कायमचा एका लांबीवर ठेवायची तयारी असेल, तर आत घट्ट बसणारा लाकडी दांडा इपॉक्सीने चिकटवणं जास्त चांगलं. लाकूड धातूएवढं कडक नसलं, तरी कंपनं लवकर गिळतं. जाड लाकडी पायांचे ट्रायपॉड अजून टिकून आहेत ते याचमुळे.

प्रश्न : १३० मिमीची न्यूटनी (आरशाची) दुर्बीण विषुववृत्तीय माउंटवर, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणाऱ्या माउंटवर आहे. गच्चीवर कुणी चाललं तरी ग्रह थरथरतो. पायांखाली रबर ठेवावं का?

उत्तर : आधी जागा बदला. स्लॅब मधोमध सर्वांत जास्त लवतो, खांबाच्या किंवा तुळईच्या डोक्यावर कमी. चालणारे पाय आणि ट्रायपॉड वेगवेगळ्या गाळ्यांत (खांबांमधल्या भागांत) राहतील असं पाहा.

रबरी चकत्यांचा काँक्रीटवर खरा उपयोग होतो, हलणं थांबायला लागणारा वेळ स्पष्ट कमी होतो. पण फार मऊ घेऊ नका. मऊ चकतीवर झटका विरतो आणि त्याच्या जागी संथ डोलणं येतं, वाऱ्यात तर जास्तच. लांब एक्स्पोजरचे फोटो काढणार असाल तर चकत्या टाळा किंवा त्या दबून स्थिरावल्यावर, अर्ध्या तासाने, ध्रुव जुळवा (माउंटचा अक्ष आकाशातल्या ध्रुवाकडे वळवा).

तुमच्या माउंटवर आणखी एक गोष्ट तपासा. प्रतिभार (दुर्बिणीचा तोल साधणारं वजन) दांड्याच्या टोकाला आहे का? तोल साधायला वजन गुणिले अंतर मोजतात, पण हेलकाव्याचं जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. ३.५ किलो ३० सेंमीवर ठेवण्याऐवजी ७ किलो १५ सेंमीवर ठेवले तर तोल तोच राहतो आणि प्रतिभाराचं जडत्व निम्मं होतं. माउंटवरचा एकूण भार मात्र वाढतो, तेव्हा माउंटची क्षमता पाहूनच हे करा. फोटोसाठी उत्पादकाने लिहिलेल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास राहणं बरं.

प्रश्न : ट्रायपॉड ठीक आहे. फोकस करताना आणि मोबाइलने फोटो घेतानाच चित्र हलतं.

उत्तर : फोकसच्या चाकाला कपड्यांचा चिमटा लावा आणि चिमट्याचं टोक एका बोटाने ढकला. मूठभर चाकाऐवजी लांब तरफ मिळते, जोर कमी लागतो. मोबाइलला पाच सेकंदांचा टायमर लावा. दोन सेकंदांचा टायमर वर सांगितलेल्या टिचकीच्या चाचणीत जो ट्रायपॉड दोन सेकंदांच्या आत शांत होतो, त्यालाच पुरतो.

प्रश्न : मैदानात जमीन उंचसखल असते. त्यामुळे ट्रायपॉड डगमगतो का?

उत्तर : नाही. चार पायांचं टेबल डगमगतं. तीन टोकं कुठल्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. उताराने ट्रायपॉड कलतो. तेव्हा उताराच्या बाजूचा पाय थोडा लांब करा, दुर्बिणीचा भार तिन्ही पायांच्या मध्ये पडला पाहिजे. विषुववृत्तीय माउंट ध्रुवाशी जुळवायला अचूक समपातळी लागत नाही. मैदानातला खरा त्रास पाय रुतण्याचा असतो. भुसभुशीत किंवा ओल्या मातीत प्रत्येक पायाखाली १५ सेंमी चौरस प्लायवुडची फळी ठेवा, आणि ती ठेवण्याआधी गवत बाजूला करा. गवताच्या गादीवर ठेवलेली फळी स्प्रिंगसारखी वागते.