मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. तीन महिने आपण पै-पैचा हिशेब लिहीत आहात, बाहेरचे खाणे जवळजवळ बंद केले आहे, वर्तमानपत्र थांबवले आहे, मुलांच्या किरकोळ मागण्यांनाही नकार देत आहात, आणि तरीही महिनाअखेरीस हाती काही उरत नाही. म्हणून बचतीचे आणखी छोटे उपाय कोणते आणि ही वही अजून किती दिवस लिहायची, असे आपण विचारले आहे. मी स्वतः २२ वर्षे अशी वही लिहीत आलो आहे, त्यामुळे आपला वैताग मला ओळखीचा आहे. परंतु आपण निवडलेले सगळे उपाय रोज मनाला मुरड घालायला लावणारे आहेत, हे मला प्रथम सांगावेसे वाटते. असे उपाय घरातल्या माणसांना थकवतात आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात आपोआप सुटतात. याउलट काही कामे एकदाच करायची असतात आणि त्यांचा फायदा नंतर कोणी लक्ष न देताही मिळत राहतो. मी त्यांच्यापासून सुरुवात करीन.

आपल्या वहीत रोख खर्च बारकाईने लिहिलेला दिसतो. पण खात्यातून परस्पर वळती होणारी रक्कम एकाच ओळीत 'इतर' म्हणून आली आहे. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात तो हाच प्रकार. बँकेचे गेल्या १२ महिन्यांचे खातेउतारे काढून बसावे आणि ज्या ज्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात त्या वेगळ्या कागदावर उतरवाव्यात. कोणी पाहत नसलेल्या वाहिन्यांची वर्गणी, वापरापेक्षा मोठा फोनचा प्लॅन, मोफत म्हणून सुरू केलेली आणि नंतर सशुल्क झालेली एखादी सेवा अशा गोष्टी तेथे हमखास सापडतात. त्यांतील प्रत्येक रद्द करायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास वर्षभर पुरतो.

त्याच कागदावर कार्डाची थकबाकी असेल, तर बाकी सर्व उपाय बाजूला ठेवून आधी तिच्याकडे वळावे. दरमहा ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटते; चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होते. समजा, आपण दर महिन्याला देय रकमेच्या केवळ ५ टक्के इतका किमान हप्ता भरत आहात. ३ टक्के व्याज चढते आणि ५ टक्के उतरतात, म्हणजे नवी खरेदी शून्य ठेवली तरी थकबाकी निम्मी व्हायला साधारण ३२ महिने लागतात. वर्तमानपत्र बंद करून वाचलेले पैसे या भोकातून किती वेगाने निघून जात असतील, याचा विचार करावा.

महिनाअखेरीस काही न उरण्याचे दुसरे कारण म्हणजे वर्षातून एकदा येणारे खर्च. विम्याचा हप्ता, शाळेचे शुल्क, वाहनाची दुरुस्ती, घरपट्टी हे खर्च अचानक आल्यासारखे वाटतात, पण ते दरवर्षी येतात. त्यांची बेरीज करून १२ ने भागावी आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी. यामुळे एकही पैसा वाचत नाही. मात्र उसनवारी आणि तिच्यावरील व्याज थांबते. शिवाय, आपला खरा मासिक खर्च किती आहे हे पहिल्यांदाच कळते, आणि बहुतेकांना तो धक्काच असतो.

आता घरातल्या घरात. विजेच्या बाबतीत आपण मुलांना दिवे बंद करण्यावरून रागावता, असे लिहिले आहे. दिवे बंद करावेत हे खरे, पण ९ वॉटचा एलईडी दिवा आणि बादलीभर गरम पाणी यांची तुलना एकदा करून पाहावी. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला ५०० किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजेच एका बादलीला सुमारे ०.५८ युनिट पडते. तेवढ्या विजेवर तो दिवा ६४ तास जळतो. घरात चार माणसे रोज एकेक बादली वापरत असतील, तर महिन्याला ७० युनिटे केवळ त्यापोटी जातात, आणि यात टाकीतून व नळातून वाया जाणारी उष्णता धरलेलीच नाही. घरात वीज मुख्यतः उष्णता निर्माण करण्यासाठी किंवा ती बाहेर काढण्यासाठी खर्च होते. प्रकाश आणि आवाज यांना त्या मानाने फारच कमी लागते. जुने तापतारेचे दिवे, म्हणजे तार तापून उजेड देणारे पिवळे बल्ब, अजून असतील तर ते आजच बदलावेत, कारण ६० वॉटच्या दिव्याइतका उजेड ८-९ वॉटमध्ये मिळतो. पण एकदा ते झाले, की दिव्यांवरून भांडणे सोडून द्यावे.

गरम पाण्याचे खरे उपाय म्हणजे कमी पाणी तापवणे, गरजेपुरताच वेळ बटण चालू ठेवणे, आणि कपडे धुण्याच्या यंत्रात गार पाण्याचा पर्याय निवडणे. यंत्रात पाणी तापवण्याची सोय असल्यास धुण्याच्या विजेचा मोठा वाटा तेथेच जातो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. साठवणीच्या टाकीतले तापमान बचतीच्या नादात ६० अंशांच्या फार खाली आणून ठेवू नये. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांमुळे होणारा न्यूमोनिया गंभीर असतो.

शेगडीवरही हेच तत्त्व लागू होते. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांना उकळू लागले, की ज्योत कितीही मोठी केली तरी ते त्याहून गरम होत नाही. जादा इंधन फक्त वाफ तयार करते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला ८० किलोकॅलरी लागतात, पण तेच सगळे वाफ करून उडवायला सुमारे ५४० लागतात. म्हणून उकळी फुटताच आच मंद करणे आणि भांड्यावर झाकण ठेवणे यांचा फायदा वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, त्यामुळे अन्न लवकर शिजते. तेथेही दाब तयार झाल्यावर आच कमी करायची असते, जोरजोरात शिट्ट्या घ्यायच्या नसतात. भिजवलेले धान्य लवकर शिजते, हे आपणांस सांगायला नकोच.

फ्रीजच्या आतले तापमान ४ अंश आणि बर्फाच्या कप्प्याचे उणे १८ अंश पुरते. त्याहून गार ठेवून अन्नाचा विशेष लाभ होत नाही. दाराच्या रबरी पट्टीत एक कागद धरून दार लावावे आणि कागद ओढावा. तो सहज निसटला, तर पट्टी बदलायची वेळ झाली आहे. बटण चालू ठेवून 'झोपलेली' उपकरणे मिळून केवळ ५ वॉट खात असतील, तरी वर्षाला जवळजवळ ४४ युनिटे होतात. त्यांसाठी एकच बटण असलेला विस्तारफलक (एक्स्टेन्शन बोर्ड) घ्यावा, म्हणजे रोज चार ठिकाणी वाकावे लागणार नाही. पंख्याविषयीही एक शब्द: पंखा खोली गार करत नाही, अंगावरच्या वाऱ्याने माणसाला गार वाटते, तेव्हा रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्याला काही अर्थ नाही.

पाण्याबाबत थोडक्यात लिहितो. ठिबकणाऱ्या नळाखाली १० मिनिटे भांडे ठेवावे. १०० मिलीलिटर जमले, तर दिवसाला १४.४ लिटर जात आहे. शौचालयाच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून २० मिनिटे पाणी न सोडता थांबावे. खाली भांड्यात रंग उतरला, तर आतली रबरी झडप गळते आहे. ही झडप स्वस्त असते, आणि तिची गळती आवाज करत नसल्यामुळे महिनोन्महिने लक्षात येत नाही.

बाजारहाटात मात्र थोडे थांबून गणित करण्याजोगे पुष्कळ आहे. पाकिटावरची किंमत वाचू नये, दर १०० ग्रॅमला काय पडते ते काढावे. २०० ग्रॅमचे पाकीट त्याच किमतीत १८० ग्रॅमचे झाले, तर ती ११ टक्के भाववाढ आहे, फक्त ती कोणी जाहीर केलेली नाही. '२० टक्के जादा मोफत' आणि '२० टक्के सूट' हे एकसारखे वाटतात, पण पहिल्यात दर केवळ १६.७ टक्के उतरतो. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते, असेही नाही. मी दुकानात दोन्ही दर काढून पाहतो आणि अधूनमधून लहान पाकीटच स्वस्त निघते. या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, ज्या वस्तूची आपल्याला गरज नव्हती तिच्यावर मिळालेली सूट हा खर्च आहे. मी एकदा सवलतीच्या मोहाने वर्षभर पुरेल एवढे धान्य भरून ठेवले. पाचव्या महिन्यात त्याला कीड लागली आणि उरलेले सगळे फेकावे लागले. त्यानंतर किती साठवायचे हे मी किमतीवरून ठरवत नाही, आमच्या घरी दोन महिन्यांत किती संपते यावरून ठरवतो.

फेकलेले अन्न हे सर्वांत महाग अन्न असते, कारण त्याचे पैसे, ते शिजवण्याचे इंधन आणि साठवण्याची वीज, तिन्ही वाया जातात. माझ्या अनुभवात येथे एकच सवय पुरते: नवीन आणलेले मागे आणि जुने पुढे. शिवाय फ्रीजचा एक कप्पा 'आधी हे संपवा' म्हणून राखून ठेवावा. वेष्टनावरील दोन तारखांतला फरकही घरातल्या सर्वांना ठाऊक असावा. 'या तारखेपर्यंत उत्तम' ही चवीविषयी आणि दर्जाविषयीची सूचना असते. 'या तारखेपर्यंत वापरावे' ही सुरक्षिततेची सूचना असते आणि ती मोडू नये.

काही ठिकाणी हात आखडता घेऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. वाहनाचे ब्रेक आणि टायर, दात, चष्मा, नियमित औषधे, आरोग्य विमा आणि घरातली गळती यांबाबत पुढे ढकललेला खर्च व्याजासह परत येतो. भिंतीवरचा हाताएवढा ओलसर डाग मी एका पावसाळ्यात 'नंतर पाहू' म्हणून सोडला होता. पुढच्या वर्षी निम्मी भिंत उकलावी लागली. रोज वापरायच्या वस्तूंची किंमत एकूण वापराने भागून पाहावी. दुप्पट किमतीचे पायताण तिप्पट टिकत असेल, तर महागडेच स्वस्त. मात्र नव्या वस्तूची एक खोड असते: ती आपल्या आजूबाजूचे सगळे जुनाट दाखवते. अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक देनी दिदरो याने आपल्या नव्या उंची झग्यामुळे खोलीतले बाकी सामान कसे दरिद्री वाटू लागले आणि एकेक करून ते कसे बदलले गेले, याची गमतीदार कैफियत लिहून ठेवली आहे. नवा सोफा घेण्यापूर्वी मला तो झगा नेहमी आठवतो.

मुलांविषयी थोडे. त्यांना सतत 'नाही' म्हणण्यापेक्षा दरमहा एक ठरावीक रक्कम त्यांच्या हाती द्यावी आणि ती कशावर खर्च केली, हे विचारू नये. रक्कम लहान असली तरी चालेल. आमच्या घरी हे सुरू केल्यावर मागण्या निम्म्यावर आल्या, कारण निवड त्यांची झाली आणि पश्चात्तापही त्यांचाच. मोठ्यांसाठीही अशीच बिनहिशेबी रक्कम ठेवावी. ती नसेल, तर काटकसरीचा कवडीचुंबकपणा व्हायला वेळ लागत नाही. आपण बंद केलेले वर्तमानपत्र, ते वाचण्यात आनंद असेल, तर माझ्या मते पुन्हा सुरू करावे.

वाचलेले पैसे खात्यात तसेच राहू दिले, तर ते खर्चात विरघळतात आणि बचत झाली होती हेसुद्धा आठवत नाही. एखादी वर्गणी रद्द केली की तेवढीच रक्कम त्याच दिवशी आवर्ती ठेवीला जोडावी, आणि पगार जमा होण्याच्या दुसऱ्याच दिवशी ती वळती होईल अशी व्यवस्था करावी. महिनाअखेरीस काय उरते ते पाहण्याची वेळच येऊ देऊ नये. जपानमधील पत्रकार हानी मोतोको यांनी १९०४ साली गृहिणींसाठी घरखर्चाची वही तयार केली, आणि 'काकेइबो' या नावाने ती पद्धत आजही वापरली जाते. त्या पद्धतीत महिन्याच्या आरंभीच उत्पन्न, ठरलेले खर्च आणि बचत मांडतात, मग उरलेल्यात महिना भागवतात. आपण नेमके उलट करत आहात.

आता वहीचा प्रश्न. आपल्याला रोजचा प्रत्येक खर्च आयुष्यभर लिहायची गरज नाही. अजून तीन महिने लिहावा, परंतु 'इतर' हा रकाना पूर्णपणे काढून टाकावा आणि प्रत्येक रकमेला नाव द्यावे. त्यानंतर महिन्यातून एक आठवडा लिहिला तरी पुरतो. मी गेली कित्येक वर्षे तेवढेच करतो. वर्षातून एकदा, विम्याचा हप्ता भरायच्या महिन्यात, बँकेचे उतारे काढून तो वेगळा कागद मात्र नव्याने करावा, कारण वर्षभरात दोन-तीन नव्या वर्गण्या त्यात येऊन बसलेल्या असतातच.