प्रयोगशील शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या शिक्षकाने काय वाचावं?

तुम्ही विचारलंय, नोकरीला लागून दोनच वर्षं झालीत, फळा-खडू-गृहपाठाच्या पलीकडचं काही करावंसं वाटतंय, तर सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू? मी सतरा वर्षं जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. सुचवते ती पुस्तकं मला वर्गात उपयोगी पडलेली आहेत.

बहुतेक जण तुमच्या हातात ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक देतील. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा आणि नव्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे कोबायाशी सर कुणाला आवडणार नाहीत? पण ती एका विद्यार्थिनीने मोठेपणी सांगितलेली आठवण आहे. कोबायाशींना रात्री कसली काळजी लागायची ते त्यात फारसं कळत नाही. आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच.

म्हणून आधी गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ घ्या. गिजुभाई मूळचे वकील, पुढे भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत बालशिक्षणात रमले. पुस्तक छोटंसं आहे. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक शिक्षण खात्याच्या साहेबांकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो, अशी काल्पनिक कथा. या पुस्तकातल्या गोष्टी सांगण्याबद्दल सगळेच बोलतात. मला भावला तो त्याचा पहिला दिवस. शांततेचा खेळ घ्यायचा असं तो घरून ठरवून येतो, दारं-खिडक्या लावून अंधार करतो आणि पोरं असा धुडगूस घालतात की विचारू नका. शेवटी वर्ग सोडून द्यावा लागतो, वर मुख्याध्यापकांची बोलणी खावी लागतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, तेव्हा कुठे गाडी रुळावर येते. मीही वाचल्या वाचल्या उत्साहाने वर्गात गोष्ट लावली आणि शेजारच्या वर्गातून ‘जरा आवाज कमी करा’ असा निरोप आला! तरी गोष्ट सोडली नाही.

मला सर्वांत जास्त दिलं ते ‘टीचर’ने. लेखिका सिल्विया ॲश्टन-वॉर्नर, मूळ पुस्तक १९६३चं, मराठीत अरुण ठाकूर यांनी आणलंय. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना तिला दिसलं, की छापील वाचनपाठातली दुनिया या पोरांच्या ओळखीचीच नाही. मग ती प्रत्येकाला त्याचा स्वतःचा शब्द विचारायची आणि कार्डावर लिहून द्यायची. दुसऱ्या दिवशी ओळखता आला नाही, तर तो शब्द त्याचा नव्हता असं समजून कार्ड बाद. भीतीचे आणि मायेचे शब्द मुलांच्या एका नजरेत बसायचे.

मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर हेच केलं. पहिलीत ‘कमळ’, ‘बदक’वर महिनोन्‌महिने अडलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाने शब्द मागितला ‘कोयता’. काना, मात्रा, जोडाक्षर, काही शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यातून त्याने तो बरोबर उचलला. मग ‘मुकादम’, मग ‘आई’. दिवाळीनंतर टोळीबरोबर गेला तो कार्डं खिशात घालूनच.

अशी मुलं तुमच्या वर्गात असतील, तर अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ वाचाच. कोसबाडच्या आदिवासी भागात गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताईंनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच गुरांमागे नेली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांना गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहाची फाईल पुढे सरकत नाही तेव्हा मला हे हटकून आठवतं.

‘प्रिय बाई’ मात्र लगेच घेऊ नका, दोन-चार निकाल लावून झाल्यावर घ्या. इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी वस्तीतल्या आठ मुलांनी, नापास करणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेलं हे पत्र, १९६७चं. शाळा ही धडधाकटांवर उपचार करून आजाऱ्यांना हाकलणारं इस्पितळ आहे, असं ती मुलं सुनावतात. काही ठिकाणी ती अन्यायही करतात, असं मला वाटतं. तरी वाचून झाल्यावर मी जुने हजेरीपट काढले आणि माझ्याकडून चौथी होऊन दहावीपर्यंत न पोहोचलेली नावं मोजत बसले. तेवीस झाली. दोन वर्षांचे हजेरीपट सापडलेच नाहीत.