सत्य गुन्हेकथेच्या नव्या वाचकास

सत्य गुन्हेकथांच्या वाचनाला सुरुवात करणार असाल, तर ट्रुमन कपोटी यांचे १९६६ साली पुस्तकरूपात आलेले 'इन कोल्ड ब्लड' आधी हाती घ्या. पणजीत पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात त्याची चौकशी करता येईल. चवथीच्या सुट्टीत घाईने उरकण्याचे हे पुस्तक नव्हे.

नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या होलकोम गावी क्लटर कुटुंबातील चौघांची हत्या झाली, आणि तिजोरीच्या ऐकीव माहितीवर विसंबून आलेल्या मारेकऱ्यांना पन्नास डॉलरही मिळाले नाहीत. मारेकरी कोण, हे लेखक प्रारंभीच सांगतो. त्या रात्री घरात नेमके काय घडले, हे मात्र कबुलीजबाबापर्यंत राखून ठेवतो. मृत्यूच्या आदल्या दिवशी क्लटर यांची मुलगी नॅन्सी शेजारच्या मुलीला 'चेरी पाय' हा भाजलेला गोड पदार्थ करायला शिकवते, ती पाने सावकाश वाचा, कारण मेलेली माणसे तिथे केवळ बळी उरत नाहीत, आणि या लेखनप्रकारात हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कपोटी मुलाखतीच्या वेळी टिपणे न घेता नंतर स्मरणाने लिहीत, त्यामुळे संवाद शब्दशः खरे मानू नयेत. स्मशानभूमीतला अखेरचा प्रसंग तर कल्पितच आहे.