आधी पोचिंकीत उतरायचं थांबव! बीजीएमआयच्या नवख्यांची प्रश्नोत्तरे

बीजीएमआय म्हणजे मोबाइलवरचा बंदुकांचा गेम: विमानातनं मॅपवर उडी मारायची, गन शोधायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. पोचिंकी हे त्यातलं गर्दीचं गाव. या वेळी बहुतेकांची तक्रार एकच, नेम लागत नाही. मला ते पटत नाय. नवीन माणूस नेमामुळं कमी मरतो आणि नको तिथं उभा राहिल्यामुळं जास्त मरतो. असो, प्रश्न घेऊ.

दादा, मी कायम पोचिंकीत उतरतो आणि दोन मिनिटात परत लॉबीत. काय चुकतंय? (मिरज)

भावा, पोचिंकीच चुकतंय की. एरँगल ८ बाय ८ किलोमीटरचा मॅप आहे, माणसं १००, आणि त्यातली निम्मी पब्लिक पोचिंकी, स्कूल नायतर मिलिटरी बेसला उड्या मारती. तिथं ज्याला आधी गन घावली तो जिंकला, यात तुझं स्किल कुठं आलं? विमानाची लाइन बघ आणि लाइनपासून जरा लांबची, तीन-चार घरं असलेली जागा धर, खाली येताना डोळ्याचं बटण दाबून आजूबाजूला बघत राहा किती छत्र्या तुझ्याच बाजूला येतायत, दोनपेक्षा जास्त दिसल्या तर हवेतच पलीकडच्या घराकडं वळ. आणि रोज नवी जागा नको. एकच जागा पंधरा दिवस धर, म्हणजे कुठल्या घराला मागनं दार आहे, रस्त्याला गाडी कुठं उभी असती हे डोळे झाकून कळायला लागतं. फायटिंगची खाज असंल तर टीडीएम म्हणजे दोन टीमची छोटी मॅच खेळ, त्यातल्या वेअरहाऊस मॅपवर ४० किलची मॅच असती, मेला तरी लगेच परत उभा राहतोस.

सुरुवातीला मॅचला दहा-बारा किल व्हायचे, आता टियर (गेममधली श्रेणी) वाढला तर एक पण होईना. आयडी खराब झाला का? (इस्लामपूर)

आयडीला काय धाड भरलीय. ते दहा-बारा बॉट होते राव, म्हणजे माणूस नव्हे, गेमच चालवतो ते खेळाडू. खालच्या टियरला गेम मुद्दाम बॉट घालते, उघड्यावर उभं राहून गोळ्या झाडतात ते, झाडाआड जायची अक्कल नसती त्यांना. आता खरी माणसं लागली एवढंच.

गन कुठली घेऊ? आणि यूट्यूबवरनं सेन्सिटिव्हिटी कोड (बोट फिरवल्यावर नेम किती हलतो त्याची तयार सेटिंग) टाकला तरी स्प्रे, म्हणजे सलग मारलेल्या गोळ्या, आभाळात जातोय. (कराड)

एम४१६ घे, नाय मिळाली तर स्कार-एल. दोन्हीला ५.५६ च्याच गोळ्या, झटका आवरता येतो. एकेएमचं डॅमेज जास्त आहे खरं, पण तिचा रिकॉइल म्हणजे झटका सांभाळायला हात बसावा लागतो, तिचा नाद आत्ता नको. कॉम्पेन्सेटर आणि ग्रिप हे झटका कमी करणारे जोड मिळाले की आधी लाव, आठचा स्कोप घेऊन मिरवू नको, रेड डॉट आणि तीनचा स्कोप भरपूर झाला.

आता कोडचं. दुसऱ्याचा कोड त्याच्या फोनचा, त्याच्या बोटांचा असतो. त्याचा जायरो (फोन हलवून नेम धरायची सोय) चालू आणि तुझा बंद असला तर तो कोड तुला काय कामाचा? ट्रेनिंग ग्राउंडला जा, भिंतीवर पूर्ण मॅगझिन मार, गोळ्या वर चालल्या तर सेन्सिटिव्हिटी थोडी वाढव, बोट खाली ओढल्यावर गन जमिनीत चालली तर कमी कर. एकदा जमली की महिनाभर हात लावू नको, काही पोरं रोज सेटिंगच बदलत बसतात आणि खेळायचं राहूनच जातं.

मी टॉप टेनपर्यंत येते पण चिकन डिनर (म्हणजे मॅच जिंकणं) एकदा पण नाही. शेवटी कुणीतरी मागून मारतंच. (विटा)

ताई, प्रश्न भारीय, कारण टॉप टेनपर्यंत येतीस म्हणजे जीव सांभाळायचं जमलंय तुला, आता फक्त झोनचं गणित राहिलंय. खेळायची जागा आक्रसत जाती, पांढरं वर्तुळ ही पुढची सुरक्षित जागा आणि निळ्या भिंतीच्या बाहेर राहिलं की हेल्थ उतरती, तो झोनचा मार. पांढरं वर्तुळ दिसलं की बहुतेक जण लूट करत बसतात आणि निळी भिंत अंगावर आली की पळत सुटतात. सुरुवातीला झोनचा मार किरकोळ असतो म्हणून ती सवय खपून जाती, पण शेवटी शेवटी तोच झोन काही सेकंदात मारतो. तू लवकर निघ, पण मध्यभागी जाऊ नको. कडेला राहा, पाठ निळ्या भिंतीकडं ठेव, म्हणजे मागनं येणारे कमी आणि जे येतील त्यांना भिंतच ढकलत असती. मधोमध घर पकडून बसलं की चारी बाजूनं खिडक्या बघायच्या, एकटीनं होणार हाय का ते?

दुसरं म्हणजे बॅग. गोळ्यांचा ढीग उचलतात लोक आणि स्मोक, म्हणजे धुराचा बॉम्ब, एकच. उलटं कर, स्मोक तीन-चार ठेव, उघडं मैदान ओलांडायचं असलं की आधी पुढं टाक आणि मग पळ. फर्स्ट एडनं हेल्थ ७५ टक्क्यांच्या वर जात नाही, त्याच्या पुढचं एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलरनं हळूहळू भरतं, म्हणून ते फाइटच्या आधी पी. बॅगेत चार पेनकिलर तशाच ठेवून मेलेले मी ढिगानं बघितलेत.

आणि शेवटच्या पाचात दोघांची फाइट चालू असली तर तू गोळी मारून आपली जागा दाखवू नको. एक पडू दे, मग उरलेल्याला धर, तो औषध लावत बसलेला असतो.

फोन साधा आहे, लॅग मारतो, म्हणजे गेम अडकत चालतो. नवीन घ्यावा का? (सातारा)

लगेच नको. ग्राफिक्स स्मूथवर, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) फोन देईल तेवढा वर, सावल्या बंद, मागची सगळी ॲप बंद. चार्जिंगला लावून खेळू नको, फोन तापला की फ्रेम पडतातच. उरलेले पैसे वायरच्या हेडफोनला घाल. ब्लूटूथचा आवाज उशिरा येतो, पायांचा आवाज कानात येईपर्यंत तो माणूस दारात असतो.

मुलगा अकरावीला आहे, जेवायला हाक मारली की चिडतो. गेम काढून टाकू का? (विश्रामबाग, सांगली)

काकू, काढून टाकला तर मित्राच्या फोनवर खेळंल. ही मॅच मधेच थांबवता येत नाही, आणि चौघांत खेळत असंल तर हा उठला की बाकीचे तिघं बोंबलतात, म्हणून तो तुमच्यावर चिडतो. एरँगलची पूर्ण मॅच साधारण अर्ध्या तासाची असती. 'आत्ता ऊठ' म्हणण्यापेक्षा 'ही झाली की नवीन लावायची नाही' असं मॅच सुरू व्हायच्या आधीच ठरवा. १८ च्या आतल्यांना गेममध्येच दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे, पण त्यानं वय खरं टाकलंय का ते एकदा बघा. आणि तुमच्या यूपीआयचा पिन त्याला माहीत असंल तर आजच बदला, यूसी, म्हणजे गेममधले पैसे, घ्यायला बोट लई पटकन जातं.